कोमट बॉनेट

त्या दुपारी बॉनेटवर हात ठेवला तेव्हा ते कोमट लागलं होतं. गाडी शेडखाली सावलीत उभी होती, नुकतीच धुतलेली, वायपरच्या पात्यांखाली पाण्याचे थेंब अजून लटकलेले. उन्हानं तापलेला पत्रा वरच्या वर चटका देतो. ही ऊब तशी नव्हती. ती आतून, सावकाश वर येत होती, झाकण ठेवलेल्या पातेल्यातून यावी तशी. मी हात तिथेच राहू दिला. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. सहा वर्षं चाललेल्या गाडीत काहीतरी जिवंत आहे असं वाटलं. विक्रेत्यानं माझ्या हाताकडे पाहिलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "आत्ताच धुऊन आणली, ताई. सिंगल ओनर गाडी आहे, बघायचं कामच नाही." मग त्यानं सेल मारला. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. आवाज एकसारखा, कुठे खरखर नाही, धूर नाही. मी चार किलोमीटर चालवून पाहिली, ब्रेक दाबले, एसी लावला, खिडक्या वरखाली केल्या. जे जे विचारायचं ठरवून गेले होते ते सगळं विचारलं.

बॉनेट गरम का आहे, तेवढं विचारलं नाही.

गाडी घरी आल्यानंतरच्या तिसऱ्या सकाळी आई पुढच्या सीटवर बसली होती. तिला फिजिओथेरपीला न्यायचं होतं. मांडीवर रिपोर्टांची फाइल, फाइलवर दोन्ही हात. हवेत गारवा होता. मी किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं आणि तीन-चार सेकंद सगळी गाडी थरथरली. फाइलची प्लॅस्टिकची कड तडतडल्याचं मला अजून आठवतं. मग आवाज लागला, थरथर गेली. "ही अडखळतेय गं," आई म्हणाली. मी म्हटलं, थंडी आहे, जुनी गाडी आहे, होतं असं. आरशात पांढरा धूर दिसला, तोही थंडीच्या खात्यावर टाकला. धुराला गोडसर वास होता. त्या वासाला माझ्याकडे काही उत्तर नव्हतं, म्हणून मी काच वर केली. आपण घेतलेल्या वस्तूची बाजू आपण किती लवकर घ्यायला लागतो याचं मला अजून नवल वाटतं. आईनं पुन्हा विषय काढला नाही. पण त्यानंतर रोज मी किल्ली फिरवायला गेले की ती बोलता बोलता थांबायची आणि ऐकायची.

तिचा कान यंत्रांना सरावलेला आहे. माझ्या लहानपणी तिनं एक जुनं शिलाई मशीन घेतलं होतं. विकणाऱ्यानं तिच्यासमोर मलमलीच्या तुकड्यावर शिवून दाखवलं. टाके असे पडले की ती तो तुकडा घरी घेऊन आली आणि आम्हाला दाखवत राहिली. मशीनची खोड घरी आल्यावर कळली. कापड जाड झालं, दोन पदरांवर तिसरा पदर आला, की ते टाका सोडायचं. पायडलच्या लयीत मध्येच एक रिकामा ठोका यायचा आणि त्या ठोक्याला आईचा पाय थबकायचा. तिनं सुया बदलल्या, बॉबिन बदलली, कापडाखाली कागद घालून शिवलं, रोज दुपारी तेलाचे थेंब सोडले. मशीन बरं झालं नाही. पण ती त्या माणसाकडे परत गेली नाही. उलट त्याच्या दुकानावरून जायचा रस्ता तिनं सोडला आणि आम्ही लांबच्या रस्त्यानं जायला लागलो. मी एकदा कारण विचारलं. "जाड कापड घेऊन जायला हवं होतं मी," ती म्हणाली. फसवणारा आपल्या दुकानात निवांत बसलेला आणि फसलेली बाई रस्ता बदलून चाललेली, हे तेव्हा मला विचित्र वाटलं नव्हतं. आम्ही दोघी चपला घासत लांबच्या रस्त्यानं जायचो, बस्स.

अकराव्या दिवशी गाडीचा चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. हा दिवा स्थिर पेटला तर गाडी सवडीनं दाखवून आणता येते. लुकलुकला तर मात्र बाजूला घ्यायची असते, कारण एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल नीट जळत नाहीये आणि ते तसंच पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर शुद्ध करणारा भाग, भाजून काढतं. हे मला गॅरेजच्या मिस्त्रींनी सांगितलं. ते फार बोलत नाहीत. त्यांनी कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रावणाची, पातळी बघितली, ती खालच्या खुणेच्याही खाली गेली होती. मग रेडिएटरच्या तोंडावर निळं द्रावण भरलेली एक नळी बसवली, इंजिन चालू ठेवलं आणि नळीवरचा रबरी फुगा दाबत राहिले. फुग्याचा फस-फस आवाज आणि नळीतून वर चढणारे बुडबुडे. निळा रंग आधी हिरवट झाला, मग स्वच्छ पिवळा. जळका वायू कूलंटमध्ये शिरत असेल तरच तो रंग बदलतो. "हेड गॅस्केट गेलंय," ते म्हणाले. म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, हेड, आणि खालचा भाग यांच्यामधली पातळ पट्टी. रात्रभर गाडी उभी राहिली की कूलंट झिरपून सिलिंडरमध्ये उतरतं. सकाळी इंजिन ते जाळून टाकेपर्यंत अडखळतं, म्हणून ती थरथर आणि म्हणून तो गोड वासाचा धूर. इंजिन तापलं की धातू पसरतो, फट बुजते आणि गाडी शहाण्यासारखी चालते. "गरम गाडीत हे कळत नाही, ताई." माझ्या तळव्याला ती दुपारची ऊब जशीच्या तशी आठवली.

मग त्यांनी स्कॅनर लावला आणि पडदा माझ्याकडे वळवला. मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळल्याचा, कोड होताच. कोड म्हणजे गाडीच्या संगणकानं केलेली बिघाडाची नोंद. त्याच्याखाली एक ओळ होती, कोड पुसल्यानंतर गाडी किती चालली त्याची. १९१ किलोमीटर. गाडी ताब्यात घेताना मी काट्यावरचा आकडा पावतीच्या मागे लिहून ठेवला होता, ६१,४२०. आता काटा ६१,६०४ वर होता. म्हणजे माझ्या हातून गाडी चालली १८४ किलोमीटर. उरलेले सात. त्यातले चार मी स्वतः बघायला गेले तेव्हा चालवले होते. उरले तीन. माझ्यासमोर येण्याच्या जेमतेम तीन किलोमीटर आधी कुणीतरी या गाडीची स्मृती पुसली होती. गाडीचा संगणक तक्रार विसरतो, पण आपल्याला विसरायला लावलं होतं हे मात्र किलोमीटर मोजून लक्षात ठेवतो. मी त्या पडद्याचे फोटो काढले तेव्हा हात जरा कापत होता. संताप होता, आणि त्या संतापाच्या तळाशी, सांगायला अवघड वाटतं, एक आनंदही होता. मला भास झाला नव्हता. आईनं ऐकलं होतं ते खरं होतं.

आणि तरीही मिस्त्रींनी हात पुसत विचारलंच, "घेताना बघितली नव्हती का नीट?"

हा प्रश्न त्यानंतर मला भावानं विचारला, शेजाऱ्यांनी विचारला, ऑफिसातल्या तिघांनी विचारला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण प्रत्येक वेळी गाडीतला दोष सरकत सरकत माझ्यात यायचा. दोन रात्री मला झोप लागली नाही, आणि त्या दोन रात्रींत विकणाऱ्याला मी एकदाही शिव्या दिल्या नाहीत, स्वतःला दिल्या. लोक तक्रार करत नाहीत त्यामागे कायदा माहीत नसणं हे कारण असेलही, पण माझ्या बाबतीत त्याआधी लाज होती. तक्रार करायची म्हणजे आपण फसलो हे अनोळखी माणसांसमोर सही करून सांगायचं. आई ते कधीच करू शकली नाही. मीही केलं नसतं. तिसऱ्या रात्री मी नुसतं कुतूहल म्हणून कायदे काढून वाचायला बसले.

पहिलाच कायदा वाचून पोटात गोळा आला. १९३० चा मालविक्रीचा कायदा, कलम १६. त्यात आधी ग्राहकाच्या बाजूची गोष्ट आहे. त्या प्रकारच्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला, तर माल विकण्यायोग्य प्रतीचा असावा ही अट न लिहिताही करारात धरलेली असते. पण लगेच पुढे परंतुक येतं. खरेदीदारानं माल तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसायला हवे होते त्यांच्याबद्दल ही अट धरता येत नाही. दिसायला हवे होते. शेजाऱ्यांचा प्रश्न कायद्यात १९३० पासून बसलेला होता. पण तीच ओळ चार-पाच वेळा वाचल्यावर तिचं दुसरं अंग दिसायला लागलं. कायदा "तपासलंस का" एवढ्यावर थांबत नाही. त्या तपासणीत ते दिसलं असतं का, असं विचारतो. मलमलीवर टाका सुटलेला दिसत नाही. तापलेल्या इंजिनात फट दिसत नाही. जी खोड लपेल अशाच अवस्थेत वस्तू समोर ठेवली गेली, तर बघणाऱ्याच्या डोळ्यांचा काय दोष? आईला हे वाक्य तेव्हा कुणी वाचून दाखवायला हवं होतं असं फार वाटलं.

दुसऱ्या कायद्यात मला घोडा भेटला. १८७२ चा भारतीय करार कायदा, कलम १७, फसवणूक म्हणजे काय ते सांगणारं. या जुन्या कायद्यांची मला आवडलेली गोष्ट म्हणजे ते कलमाखाली छोटी छोटी उदाहरणं देतात, आणि ही उदाहरणं गोष्टीसारखी असतात. 'अ' लिलावात 'ब'ला घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे 'अ'ला ठाऊक आहे. तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. वाचून वाईट वाटलं. पण लगेच खाली दुसरी गोष्ट. 'ब' ही 'अ'ची मुलगी आहे आणि नुकतीच सज्ञान झाली आहे. आता मात्र नात्यामुळेच 'अ'वर खोट सांगण्याची जबाबदारी येते. आणि तिसरी, जिच्यापाशी मी बराच वेळ थांबले. 'ब' म्हणते, तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन. 'अ' गप्प बसतो. इथे त्याचं गप्प बसणं हे बोलण्यासारखंच आहे. दीडशे वर्षांपूर्वीचं हे वाक्य गाडी बघायला जाताना पर्समध्ये ठेवण्यासारखं आहे. आपल्याला इंजिनातलं काही कळत नसलं तरी एवढं म्हणता येतं, आणि शक्यतो मेसेजमध्ये लिहून म्हणता येतं, की इंजिन, गिअरबॉक्स, अपघात, पुराचं पाणी यांपैकी काही असेल तर सांगा, नाही सांगितलंत तर नाही असं मी समजते आहे.

मी ते म्हटलं नव्हतं. पण त्याच कलमात उदाहरणांच्या वर फसवणुकीचे प्रकार दिले आहेत आणि त्यात एक आहे, माहीत असलेली गोष्ट कृती करून झाकणं. नुसतं गप्प राहणं वेगळं आणि झाकणं वेगळं. इंजिन आधी तापवून ठेवणं, कोड पुसणं ही कृती आहे. मला रात्री दोन वाजता कुणीतरी खांद्यावर हात ठेवल्यासारखं वाटलं.

विक्रेत्याकडे गेले तेव्हा गाडी त्याच शेडखाली, जवळजवळ त्याच जागी उभी केली. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, पाणी मागवलं, आणि कपाटातून माझ्या सहीची पावती काढली. तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं, गाडी आहे त्या स्थितीत दिली, नंतर कोणतीही तक्रार चालणार नाही. त्याखाली माझी सही, घाईतली, शेवटचं अक्षर लांबलेलं. स्वतःची सही आपल्याविरुद्ध पुढे सरकवली जाते तेव्हा ती कुणा परक्याची वाटते. कोड पुसल्याचं मी काढलं तर तो शांतपणे म्हणाला, बॅटरी बदलली होती, तार काढली की कोड जातात. ते तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, बऱ्याच गाड्यांत बॅटरीची तार काढली की ती स्मृती जाते. मी गप्प झाले. तो वाईट माणूस दिसत नव्हता. टेबलावर त्याच्या मुलीनं काढलेलं चित्र काचेखाली ठेवलेलं होतं, एक लाल गाडी, चाकं जरा चौकोनी. मला त्या क्षणी सगळं सोडून देऊन घरी जावंसं वाटलं. निघताना सवयीनं मी बॉनेटवर हात ठेवला. या वेळी ते गरम असण्याचं कारण मला माहीत होतं.

"आहे त्या स्थितीत" या तीन शब्दांना काही वजन नाही असं समजणं चूक ठरेल. १९३० च्या कायद्यात गृहीत अटी दोघांनी स्पष्ट करार करून बाजूला ठेवता येतात. पण त्या शब्दांनी केलेला दावा पुसला जात नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोष म्हणजे काय हे सांगताना कायद्यानं किंवा करारानं पाळायचा दर्जा येतोच, शिवाय विक्रेत्यानं कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याप्रमाणे वस्तू नसेल तर तोही दोष आहे. कोणत्याही प्रकारे. माझ्या फोनमध्ये त्याचा मेसेज होता, "इंजिन टॉप कंडिशन, एक रुपयाचं काम नाही." सहीच्या आधी तीन दिवस पाठवलेला. मी तो वाचला तेव्हा गाडीचे फोटो बघण्यात इतकी गुंतले होते की अंगठा दाखवून पुढे गेले होते. तो अंगठाही अजून तिथे होता.

खरा प्रश्न शेवटी एकच उरतो, हे दुखणं कधीपासूनचं आहे. गाडी दिली तेव्हा होतं की नंतर झालं? जुनी गाडी झिजलेली असणार हे सगळ्यांना मान्य असतं. क्लचप्लेट घासली, टायर गुळगुळीत झाले, याला कुणी दोष म्हणू नये, मीही म्हटलं नसतं. भांडण असतं ते तारखेचं, आणि ती तारीख कुणी सिद्ध करायची याचं. प्राचीन रोममध्ये बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांचा एक हुकूम होता. गुलाम आणि जनावरं विकणाऱ्यानं त्यांची दुखणी, खोडी आधी जाहीर करायच्या, नाहीतर घेणाऱ्याला सहा महिन्यांच्या आत व्यवहार उलटवता येई, वर्षभरात किंमत कमी करून मागता येई. माणसं जनावरांच्या रांगेत विकली जात होती हे वाचताना मन कुठेच ठरत नाही, पण सहा महिन्यांचा तो हिशेब लक्षात राहिला, कारण तो पुन्हा भेटला. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे व्यापाऱ्याकडून घेतलेल्या सदोष गाडीला पहिले ३० दिवस परत करता येतं, आणि नंतर दुरुस्ती किंवा बदली मागताना सहा महिन्यांच्या आत दिसलेला दोष विकतानाच होता असं धरलं जातं. नव्हता हे व्यापाऱ्यानं दाखवायचं. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशात ही मुदत एक वर्ष आहे. आपल्या कायद्यात असं गृहीत धरणं लिहिलेलं नाही. इथे सिद्ध करायचं ओझं साधारणपणे तक्रार करणाऱ्याच्या डोक्यावर राहतं. म्हणून पावतीच्या मागे लिहिलेला काट्यावरचा आकडा, मेसेज, स्कॅनरच्या पडद्याचा फोटो, मिस्त्रींची तारखेसह चिठ्ठी हे सगळं इथे सोन्यासारखं असतं. आणि म्हणूनच मिस्त्री जेव्हा म्हणाले, "हेड उतरवू का?" तेव्हा मी नाही म्हटलं, ते माझ्या हातून घडलेलं एक शहाणपण. इंजिन आधीच उघडून दुरुस्त केलं असतं तर दोषाचा पुरावा मीच पुसला असता, आणि विक्रेत्याला दुरुस्त करून द्यायची संधीही दिली नव्हती असं झालं असतं.

चौथ्या दिवशी मी पत्र लिहिलं. लिहायला बसले तेव्हा पहिल्या खर्ड्यात तीन वेळा "विश्वासघात" आला होता. तो काढला. दुसऱ्या खर्ड्यात फक्त तारखा, आकडे, मेसेजमधलं वाक्य जसंच्या तसं, मिस्त्रींची चाचणी, आणि मागणी. पंधरा दिवसांत स्वखर्चानं दुरुस्त करून द्या, नाहीतर गाडी घेऊन पैसे परत करा. कोरडं झालं पत्र, पण विशेषणं गेल्यावर माझं मलाच ते जास्त खरं वाटलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तिथल्या मुलीनं तक्रार नोंदवून क्रमांक दिला. तिच्याकडून आणि पुढे वाचून कळलं की जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार मला मी राहते किंवा काम करते तिथेही दाखल करता येते, विक्रेत्याच्या गावी खेटे घालायला नकोत. वकील लावलाच पाहिजे असं नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. आणि तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे आयोगाच्या बाकावर बसलेल्या कुणालाही विचारावं. मला राग येतो तो याचा. अधिकार कागदावर आहे आणि तो मिळवायला जेवढी सुट्टी, जेवढी चिकाटी लागते ती ज्याच्याकडे आहे त्यालाच तो मिळतो. शिवणकाम करून घर चालवणाऱ्या बाईनं दिवस मोडून तारखेला उभं राहायचं कधी?

हे सगळं व्यापाऱ्याकडून घेतलं तर. ओळखीच्या माणसाकडून, शेजाऱ्याकडून, ज्याचा तो धंदाच नाही अशा माणसाकडून गाडी घेतली, तर ग्राहक कायद्याचं हे दार सहसा उघडत नाही. तिथे करार कायदा उरतो, घोड्याचा.

पत्र पोचल्याची पोचपावती आली आणि नंतर बारा दिवस काहीच नाही. तेराव्या दिवशी विक्रेत्याचा फोन. अर्धा खर्च देतो म्हणाला. मी म्हटलं, नको. घशाला कोरड पडली होती, पण आवाज नीट आला. दोन दिवसांनी पुन्हा फोन. गाडी पाठवून द्या, पूर्ण करून देतो, लेखी देतो. बॅटरीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही, मीही नाही. हेड उतरलं, ते वाकलेलं निघालं, फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून आणलं, गॅस्केट नवीन पडलं. काढलेलं गॅस्केट मी मागून घेतलं. दोन सिलिंडरांच्या मधल्या पट्टीवर बोटाच्या पेराएवढी काळी जळकी रेघ. त्याच्या कडा काजळीनं मऊ झाल्या होत्या, ती रेघ काही अकरा दिवसांची दिसत नव्हती. मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणलं आणि आईला दाखवलं. तिनं चष्मा लावून त्या रेघेवरून बोट फिरवलं, फार वेळ. "एवढंसंच होतं," ती म्हणाली. गाडीबद्दल म्हणाली की मशीनबद्दल, मी विचारलं नाही.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण कलम १७ वाचल्यापासून एक गोष्ट मला टोचत होती आणि पत्राच्या गडबडीत मी ती मागे ढकलत होते. ही गाडी घेण्याआधी मी माझी जुनी गाडी विकली होती. एका शिक्षकांना. भले गृहस्थ, सोबत दहा-बारा वर्षांचा मुलगा. त्या गाडीच्या इंजिनाच्या मागच्या बाजूनं तेल झिरपायचं. फार नाही, सकाळी जमिनीवर रुपयाएवढा डाग. ते बघायला येणार त्या सकाळी मी आईच्या जुन्या साडीच्या चिंधीनं इंजिन पुसून काढलं, आणि गाडी चार हात पुढे घेऊन उभी केली, डागांवरून बाजूला. त्यांनी विचारलं, "काही काम निघेल का?" मी म्हटलं, "जुनी आहे, थोडंफार निघणारच." खोटं एक अक्षर बोलले नाही. तेव्हा तर मला वाटलं होतं, किती सरळ बोलले मी. चिंधी पुढे कित्येक दिवस बाल्कनीत पडून होती, काळपट, तेलाच्या वासाची.

मी व्यापारी नाही. ग्राहक आयोग मला बोलावणार नाही. पण पुसणं ही कृती आहे आणि गाडी चार हात पुढे घेणं हीसुद्धा कृतीच.

गाडी दुरुस्त होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले. रात्रभर उभी होती ती, बॉनेटवर दव साचलेलं, पत्रा गार. आई अजून उठायची होती. सेल मारला, इंजिन लागलं, कुठे थरथर नाही. ते तसंच चालू ठेवून मी फोनमध्ये त्या शिक्षकांचा नंबर शोधला. त्यांनी उचलला, मला ओळखलं, उलट आनंदानं बोलले. "गाडी छान चालली आहे, ताई. फक्त खाली तेलाचा डाग पडतो जरा. जुनी झाली, होणारच." मी म्हटलं, "सर, ते जुनी झाली म्हणून नाही. ते आधीपासून होतं. तुम्ही आलात त्या दिवशी मी पुसून ठेवलं होतं. दुरुस्तीचा खर्च मी देणार आहे."

पलीकडून बराच वेळ कुणी बोललं नाही. नुसता भांड्यांचा आवाज, मग नळाचा. मग त्यांनी विचारलं,

"कधीपासून होतं?"